कापराचं कपाट

पिठाच्या डब्यात किडे झाले. एवढंच झालं होतं. पीठ चाळायचं, डबा उन्हात पालथा घालायचा आणि गप्प बसायचं, हा साधा उपाय होता. पण त्या सकाळी मिस्त्री घरात होते, आणि या गोष्टीचा कायमचा बंदोबस्त करायचं त्यांनी ठरवलं. मिस्त्रींनी कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं, की घरातल्यांनी तात्पुरतं दुसरीकडे राहायला गेलेलं बरं. पण हे घरातल्यांच्या नेहमी उशिरा लक्षात येई.

मिस्त्री म्हणजे सुतार. पण खुर्च्या-टेबलांचा सुतार नव्हे. तसं कुणी म्हटलं तर ते दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसत. ते पेट्या करत. कापराच्या लाकडाच्या पेट्या. बापाने केल्या, आज्याने केल्या, म्हणून यांनी केल्या. शाळेत ते फार दिवस गेले नाहीत. गेले तेवढ्यात मास्तरांचं टेबल डुगडुगतंय हे त्यांच्या ध्यानात आलं. ते त्यांनी दुरुस्त केलं, शाळेचं आपल्याकडे आता काही काम उरलं नाही असं समजले आणि घरी आले.

माणूस कडक. कुणाचं कौतुक करायचं नाही, हा त्यांचा नियम होता. चांगल्या कामाला ते लागत नाही आणि वाईट कामाला ते शोभत नाही, असं त्यांचं मत. फारच खूश झाले तर ‘ठीक आहे’ म्हणत. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा बघितलं तेव्हाही ‘ठीक आहे’ म्हणाले होते. त्याचा खरा अर्थ कळायला बायकोला काही वर्षं लागली. सुनेला तो अजून कळला नव्हता.

सून लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहायचं, आणि मनगटावर चटक्यांचे डाग घेऊन संध्याकाळी घरी यायचं. पण घरी आली की ती बिस्किटं भाजायची. लोण्याची, जिभेवर ठेवताच विरघळणारी, प्रत्येकावर एक बदाम. गल्लीत त्यांचं नाव झालं. नाव होत होत चौकातल्या चहाच्या दुकानापर्यंत पोचलं. दुकानाच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला, “शनिवारी एक डबा घेऊन ये. माझ्या गिऱ्हाइकांना आवडली, तर कारखान्याची बिस्किटं बंद करते. रोज तुझीच घेईन.”

रोज बिस्किटं जायला लागली, म्हणजे लॉन्ड्री सुटली. सुनेने त्या शनिवारचा ध्यास घेतला होता. आणि नेमक्या त्याच आठवड्यात पिठात किडे निघाले.

“काही नाही बाबा, चाळून घेते,” ती म्हणाली.

“किती वेळा चाळणार?”

“दुसरं आणते मग.”

“ते ठेवणार कुठे? याच डब्यात ना? डबा पत्र्याचा आहे. पत्र्याला काय कळतं?”

“कळायचंय काय त्याला?” मिस्त्रींची बायको म्हणाली. “पीठ ठेवायचं आहे त्यात. परीक्षेला नाही बसवायचं.”

पण मिस्त्री तोवर चपला घालून कारखान्याकडे निघाले होते.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आणि शेडसमोर अंगणात कापराचं झाड. मिस्त्री जन्मभर खाली मान घालून काम करत आले. मान वर करून त्यांनी बघितलं ते फक्त त्या झाडाकडे. आणि झाडही तसंच होतं. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारा बुंधा. सालीला उभ्या-आडव्या भेगा, जुन्या माणसाच्या टाचेसारख्या. वर पानांचं छप्पर, बारा महिने हिरवं. इतर झाडं एकदा अंगावरचं सगळं टाकून उघडी पडतात. हे तसं करत नाही. नवी तांबूस पालवी आधी येते, उन्हात काचेसारखी चमकते, आणि तिची बसायची सोय झाली की मगच जुनी पानं खाली येतात. (मिस्त्री म्हणत, माणसांनी म्हातारपणी असं वागावं. स्वतः ते शेडची किल्ली मुलाच्या हातात देत नसत.)

त्या झाडाचं वाया जाणारं असं काही नव्हतं. सर्दी झाली की पान चुरगळून हुंगायचं. सुकलेल्या पानांचा धूर केला की डास गल्ली सोडत. लाकडाचे तुकडे वाफेवर धरले की पांढरा कापूर निघे, आणि त्याचं तेल म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना आणि पोरांच्या छातीला चोळत. खायचं मात्र यातलं काही नसे. ढलप्या लोक कपड्यांच्या कप्प्यात टाकायला मागून नेत. आणि फळी! त्या फळीच्या पेटीत ठेवलेला लोकरीचा कोट आज्याने घातला, मुलाने घातला, नातवाने घातला. कोट घालून घालून विटला, पण कसर त्याच्या वाटेला गेली नाही.

त्या झाडाची एक मोठी फांदी मागे वादळात मोडून खाली आली होती. तिच्या फळ्या मिस्त्रींनी मागच्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. रुंद, सरळ, तांबूस रेघांच्या. भलेभले लोक विचारून गेले. मिस्त्रींनी दिल्या नाहीत. “यांचं काय ते मी बघेन,” एवढंच म्हणत.

आज त्यांनी बघितलं. त्या फळ्यांचं सुनेसाठी कपाट करायचं. पीठ, तांदूळ, साखर, चहा, सगळं त्यात राहील असं कपाट. किड्याची काय बिशाद!

आता हे झालं सुनेचं कौतुकच. पण ते तोंडाने करायचं नव्हतं, म्हणून त्यांना अवघड गेलं नाही.

कपाट तयार होत आलं तेव्हा शेजारचा शिंपी आत आला. त्याचं दुकान शेडला लागूनच. काम कमी, बोलणं जास्त, असा माणूस.

“काय मिस्त्री, हे कुणाच्या कपड्यांचं कपाट?”

“कपड्यांचं नाही. पिठाचं.”

शिंपी हसला. मग दार उघडून त्याने डोकं आत घातलं, आणि घातलं तसं बाहेर काढलं. त्याचे डोळे पाण्याने डबडबले होते.

“मिस्त्री…” तो म्हणाला. पुढे त्याला बोलवेना.

मिस्त्रींनी मान डोलावली. सांधे होतेच तसे. नखसुद्धा शिरलं नसतं. पण शिंप्यासारखा माणूस ते बघून गहिवरेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. माणसाची पारख करण्यात आपण कमी पडलो, असं त्यांच्या मनात आलं.

“खायच्या पिठाचं?” शिंप्याने डोळे पुसत विचारलं.

“मग काय, पोस्टर चिकटवायच्या खळीचं?”

“अहो, पण वास?”

“कसला वास? या फळ्या वाळून किती काळ झाला. वास केव्हाच उडाला. आणि हल्लीच्या लाकडात दम नाहीच. मी त्या लाकूडवाल्याला दर खेपेला सुनावतो, तुझ्या लाकडाला वास नाही म्हणून. तो नुसता कपाळाला हात लावतो. काय बोलणार? चोरी पकडल्यावर!”

मिस्त्री थट्टा करतायत असं शिंप्याला वाटलं. मिस्त्रींनी याआधी कधीच थट्टा केली नव्हती, हे तो विसरला. नाक पुसत, हसत हसत तो निघून गेला.

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. मिस्त्रींना वास येत नव्हता. कापराचा नाही आणि दुसऱ्या कशाचाही नाही. जन्म कापराच्या भुशात गेला, आणि ते नाक हळूहळू कामावर यायचं बंद झालं. कधीपासून, ते मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. कारण वास येत नाही हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जगातला वास कमी झाला, तेव्हा त्यांनी जगाला दोष दिला. स्वतःला दोष द्यायची त्यांना सवय नव्हती.

कपाट घरी आलं तेव्हा बायको बहिणीकडे गेली होती आणि सून लॉन्ड्रीत होती. मिस्त्रींनी ते स्वयंपाकघरात भिंतीला लावलं, डबे रिकामे करून सगळा किराणा त्यात भरला. पिठाला तर त्यांनी लाकडाचाच मोठा खण केला होता. पत्र्याचं नावसुद्धा नको.

संध्याकाळी सून आली. दाराशीच थबकली. मग तिने कपाट उघडलं.

तिचे डोळे भरून आले. हात तोंडावर गेला.

“बाबा…”

“ठीक आहे ना?” मिस्त्री म्हणाले आणि भिंतीकडे वळले. दुसऱ्याचे अश्रू बघू नयेत, एवढं त्यांना कळत होतं.

मागोमाग बायको आली. ती रुमाल नाकाला लावूनच आत शिरली. “अहो, हे काय! हे स्वयंपाकघरात…”

“आई, असू द्या,” सून घाईने म्हणाली आणि सासूला ओढत बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

“असू द्या काय? घरात पाऊल टाकलं तर दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय!”

“आई, त्यांनी त्या फळ्या वापरल्यात. मागच्या भिंतीच्या.”

“ओळखल्या मी. मला साधं स्टूल नाही मिळालं त्यातून.”

“मग कसं सांगायचं त्यांना?”

“तू सांग.”

“मी? तुम्ही सांगा ना.”

“माझा संसार झालाय गं त्यांच्याबरोबर. मला माहीत आहे कसं असतं ते. म्हणून म्हणते, तू सांग.”

शेवटी कुणीच सांगितलं नाही. रात्रीच्या जेवणाला मुलगा बसला. तो बस चालवायचा, दिवसभर रस्त्यावर, त्यामुळे घरात काय घडलं याची त्याला कल्पना नव्हती. त्याने भाताचा पहिला घास घेतला आणि थांबला.

“हा भात आहे की छातीला चोळायचा…”

टेबलाखाली सुनेचा पाय त्याच्या पायावर पडला.

“काय झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

“काही नाही बाबा. भात… छान मोकळा झालाय.”

“छातीपण,” बायको पुटपुटली.

मिस्त्री दुसऱ्यांदा भात वाढून घेत होते. आज घरात सगळे कमी बोलतायत, हे त्यांच्या ध्यानात आलं. मोठं काम बघितलं की माणसं अशीच गप्प होतात. त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

शनिवारच्या बिस्किटांचं मात्र सुनेने डोकं चालवलं. नवं पीठ, नवं लोणी आणि साखर तिने घरात आणलंच नाही. सगळं शिंप्याच्या बायकोकडे ठेवलं. शुक्रवारी लवकर सुट्टी घेऊन आली, पीठ तिथेच मळलं, आणि भाजायच्या वेळेपुरता ट्रे झाकून घरी आणला. खिडक्या सताड उघड्या टाकल्या. बिस्किटं भाजली. एक तोंडात टाकलं. डोळे मिटले. मग सासूच्या तोंडात एक घातलं.

“कशी झालीत?”

“पोरी,” सासू म्हणाली, “लॉन्ड्री सुटली म्हणून समज.”

बिस्किटं डब्यात रचून, निवण्यासाठी झाकण उघडं ठेवून, दोघी शिंप्याच्या बायकोला चार नेऊन द्यायला गेल्या. तेवढ्यात मिस्त्री घरी आले.

टेबलावर डबा उघडा. टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग वर निघालेली. घरात दोन बायका, आणि एवढ्या महत्त्वाच्या डब्याकडे कुणाचं लक्ष नाही! मिस्त्रींनी मुंग्या झटकल्या. एवढं कपाट कशासाठी केलं होतं? त्यांनी डबा उचलला आणि कपाटात मधल्या कप्प्यावर ठेवला. झाकण उघडंच ठेवलं. बिस्किटं गरम होती. कोंडली तर मऊ पडली असती. (तेवढा विचार त्यांनी केला होता.) मग कपाटाचं दार घट्ट लावलं. ते दार असं बसायचं, की हवा आत जायला वाट शोधत राहायची.

“डबा कुठाय?” सून आल्या आल्या म्हणाली.

“नीट ठेवलाय. मुंग्या लागल्या होत्या. तू झोप, उद्या लवकर उठायचंय.”

सासरे स्वतःहून काळजी घेतायत, याचंच तिला इतकं नवल वाटलं, की पुढे विचारायचं राहून गेलं.

सकाळी ती उठली तेव्हा डबा टेबलावर होता. झाकण दाबून बसवलेलं, वर चारी बाजूंनी सुतळी, आणि सुतळीला मिस्त्रींची गाठ.

“उघडू नकोस,” ते म्हणाले. “ही गाठ वाटेत सुटायची नाही. मी येतो बरोबर.”

घरात कापराचा वास एव्हाना इतका मुरला होता, की घरातल्या कुणाच्याच नाकाला काही वेगळं कळत नव्हतं. सून डबा छातीशी धरून निघाली. वाटेत ती म्हणाली, “बाबा, मला धडधडतंय.”

“धडधडायचं काय त्यात? माल चांगला असला की झालं,” मिस्त्री म्हणाले. त्यांचं तेवढं बोलणं म्हणजे भाषणच होतं.

चहाचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. सकाळपाळीचे दोन ड्रायव्हर, खिडकीशी पेपर वाचणारे एक निवृत्त मास्तर, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका. गल्ल्यावर मालकीणबाई. जाड भिंगांचा चष्मा, आणि नाकावर माशी बसू न देणारा चेहरा. त्यांनी गाठ सोडायचा प्रयत्न केला. एका ड्रायव्हरने केला. शेवटी सुरी आणली.

झाकण उघडलं.

दुकानातली बडबड एकदम थांबली. खिडकीशी मास्तर खोकले. दुसरा ड्रायव्हर उठून उभा राहिला आणि म्हणाला, “सुटलं! आठवडाभर चोंदलेलं नाक सुटलं!”

मालकीणबाईंनी बिस्कीट उचललं आणि तोडलं. दोनदा चावलं. तिसऱ्यांदा चावलं नाही. चष्म्यामागे त्यांचे डोळे लाल झाले आणि घळाघळा वाहायला लागले.

मिस्त्री सुनेच्या कानाशी वाकले. “बघ. भरून आलं बाईला.”

सुनेने एक बिस्कीट तोंडात घातलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

“मुली,” मालकीणबाई पाणी पिऊन म्हणाल्या, “हे खायचं आहे, का कंबरेला लावायचं?”

झालं! मिस्त्री पुढे सरसावले. “काय बोलताय बाई? माझ्या सुनेच्या हातचं आहे ते!” त्यांनी डब्यातून एक बिस्कीट घेतलं आणि सगळ्यांदेखत खाल्लं. दुसरं खाल्लं. तिसरंही खाल्लं. माणसं आ वासून बघत होती. चौथ्याला मास्तर म्हणाले, “अहो, जपून.”

“ठीक आहेत!” मिस्त्री गरजले.

“बाबा,” सून अगदी हळू आवाजात म्हणाली, “रात्री डबा कुठे ठेवला होतात?”

“कपाटात.”

“झाकण?”

“उघडं. गरम होती ना.”

ती बाकावर बसली. “बाबा, तुम्हाला वास येत नाही?”

“कसला?”

“कापराचा.”

“इथे कुठे आलाय कापूर?”

कुणी हसलं नाही. मालकीणबाई आत गेल्या आणि कापलेला कांदा घेऊन आल्या. “मिस्त्री, हे हुंगा बघू.”

मिस्त्रींनी हुंगलं. डोळ्यांत पाणी आलं. नाकात काही आलं नाही. त्यांनी परत हुंगलं, छाती भरून. कांदा समोर होता. दिसत होता. पण पूर्वी कांदा नुसता दिसायचा नाही, हे त्यांना आता आठवलं.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे आली. कपाळाला हात लावणारा लाकूडवाला. मोकळा झालेला भात. पायाखालची जमीन सरकली, पण ते मिस्त्री होते, बसले नाहीत.

“म्हणजे तो शिंपी रडला, ते…”

“डोळे झोंबले असतील, बाबा.”

“आणि तू?”

सुनेने झाकण परत डब्यावर दाबलं. “अर्धी झोंबलं म्हणून,” ती म्हणाली. “अर्धी तशीच.”

मिस्त्रींनी घसा साफ केला. मग त्यांनी जे केलं ते त्या गल्लीत कुणी कधी बघितलं नव्हतं. ते मालकीणबाईंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, बिस्किटं हिची. वास माझा. तो हिच्या माथी मारू नका. हिला आणखी एकदा करू द्या. इथेच. तुमचं पीठ, तुमची भट्टी. मी बाहेर बसतो.”

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं. “कुठे बसाल?”

“समोरच्या बाकावर.”

“तो जवळ आहे. तुमच्या शर्टालाही वास येतोय. रस्त्यापलीकडच्या बाकावर बसा.”

मिस्त्री पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. ताठ. हात गुडघ्यांवर. दुकानाच्या काचेतून सून दिसत होती. बाह्या वर केलेल्या, मनगटावरचे डाग उघडे. लोणी फेटत होती. तिचा हात कसा चालतो, हे त्यांनी आजवर नीट बघितलं नव्हतं. रंध्यावर चांगल्या कारागिराचा हात चालतो तसा. जोर खांद्यातून, बोटं सैल. एवढं सगळं बिघडल्यावरही तो हात कापत नव्हता. मिस्त्री बघत राहिले.

बायको आली आणि शेजारी बसली. गल्लीत बातमी केव्हाच पोचली होती.

“तुला माहीत होतं?” मिस्त्रींनी विचारलं.

“काय? नाकाचं? केव्हाचं. दूध करपून भांडं काळं झालं, तेव्हा तुम्ही शेजारी बसून करवतीला धार लावत होतात.”

“मग बोलायचं नाही?”

“का बोलू? माझ्या हातची करपलेली भाजी इतकी वर्षं तक्रार न करता खाल्लीत. असा नवरा कोण हातचा घालवेल?”

मिस्त्रींनी गुडघ्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, “ते कपाट फोडून टाकतो.”

“खबरदार! कपाटात काही चूक नाही. खोली चुकली. माझे स्वेटर, रजया, शाली ठेवीन त्यात. तुमच्या हातून इतकं देखणं काम आजवर झालं नव्हतं. मी दारावरून हात फिरवत उभी राहते रोज, तुम्हाला काय माहीत?”

मिस्त्रींनी खिशात हात घातला. कापराचं एखादं पान तिथे नेहमी असायचं. त्यांनी ते तळहातावर चुरगळलं आणि हात तिच्यापुढे धरला.

“सांग.”

“काय सांगू?”

“कसा येतो ते.”

तिने वाकून हुंगलं. घाई केली नाही. “आधी गार,” ती म्हणाली. “बंद खोलीची खिडकी उघडावी तसा. मग थोडा तिखट, डोळ्यांच्या मागे जातो. आणि तो गेला, की शेवटी गोडसर काहीतरी उरतं. धुतलेल्या कपड्यांसारखं. तुमच्या सगळ्या सदऱ्यांना येतो. तुम्ही गावाला गेलात, की मी तुमची उशी घेते.”

मिस्त्रींनी तळहात परत आपल्या नाकाशी नेला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

“असाच होता,” ते म्हणाले.

तेवढ्यात काचेपलीकडे गडबड उडाली. मालकीणबाईंनी पहिलं बिस्कीट खाल्लं. मग दुसरं. मग ताटली गल्ल्याखाली सरकवून ठेवली आणि गिऱ्हाइकांपुढे दुसरी धरली. मास्तरांनी पेपर बाजूला ठेवला. ड्रायव्हरांची बस सुटायची वेळ झाली होती, पण ते हलले नाहीत. सून धावत दाराशी आली. कपाळाला पीठ लागलेलं.

“बाबा! आई! झालं! सोमवारपासून रोज! लॉन्ड्री सुटली!”

बायकोचा जीव भांड्यात पडला. मिस्त्री उठले. रस्ता ओलांडता ओलांडता त्यांनी ठरवलं की आज ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही. आज पोरीचं कौतुक करायचं. उघड, मोठ्याने, चार माणसांसमोर, तोंडाने. पण कौतुक करायचं म्हणजे काय म्हणायचं? लाकडाचं ते करू शकले असते. बिस्किटाचं कसं करतात? त्यांनी आठवून बघितलं. भट्टीतून काही निघालं की लोक आधी वासाचं बोलतात. मग तेच बोलायचं. नाक गेलं म्हणून काय झालं? पोरीला तेवढं ऐकवायचंच.

ते दुकानाच्या दारात उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी डोळे मिटले, छाती फुगवली आणि एक भला लांब श्वास घेतला.

“वा!” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज पार चौकापर्यंत गेला. “काय घमघमाट सुटलाय, पोरी! सगळा रस्ता दरवळतोय! उभ्या जन्मात असा वास मी घेतला नाही! लोकांनी इथून जाताना दोन मिनिटं थांबावं आणि छातीभर घेऊन जावा!”

सून ओठ दाबून खाली बघत होती. मास्तरांनी रुमाल नाकाला लावला होता.

“मिस्त्री,” मालकीणबाई म्हणाल्या, “आधी ते दार लावून घ्या. तुमच्या मागे गटार उपसायला घेतलंय.”